जाडबारीक रेषांची सेरिफविरहित मुद्राक्षरे

ज्या मुद्राक्षरांच्या रेषांच्या टोकांना आडव्या बारीक पट्ट्या किंवा ‘सेरिफ’ नसतात, परंतु ज्यांच्या रेषांची जाडी एकसारखी नसून एकाच अक्षरात ठळकपणे कमीजास्त होत जाते, अशा मुद्राक्षरांचा हा वर्ग होय. सामान्यतः सेरिफविरहित अक्षर म्हटले की सर्वत्र सारख्या जाडीचे, यांत्रिक वळणाचे अक्षर डोळ्यांपुढे येते. प्रस्तुत वर्ग त्याला अपवाद आहे. सेरिफयुक्त पुस्तकी अक्षरांचे लेखणीतून आलेले चढउतार त्याने राखले आणि सेरिफ मात्र टाकले. त्यामुळे या अक्षरांना एक प्रकारची नजाकत प्राप्त होते. सौंदर्यप्रसाधने, औषधांची वेष्टने, जवाहिऱ्यांच्या पेढ्या, रुग्णालये, लग्नपत्रिका, निवासी संकुले आणि स्मारकशिला यांवर ती विशेषेकरून आढळतात. रोमन लिपीतील त्यांचा इतिहास सु. शंभर वर्षांचा आहे. देवनागरीत मात्र या वर्गाचा विचार वेगळ्या पायावर करावा लागतो. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील नामफलक, सूचनाफलक आणि वेष्टने यांचा अभ्यास केल्यास या वर्गाचे गुण आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

रोमनमधील पूर्वपीठिका : छपाईतील पहिले सेरिफविरहित रोमन अक्षर १८१६ च्या सुमारास विल्यम कॅसलन चौथा याच्या लंडनमधील ओतशाळेच्या नमुनापुस्तकात आले. पुढे एकोणिसाव्या शतकभर अशी अक्षरे जाहिराती व भित्तिपत्रके यांपुरती राहिली. १९२७ मध्ये पाउल रेनरचे ‘फ्यूचुरा’ आले, तेव्हा वर्तुळ व सरळ रेषा यांवर उभारलेल्या एकजाड अक्षराला आधुनिकतेची प्रतिष्ठा मिळाली. या भूमितीय कोरडेपणाविरुद्धची प्रतिक्रियाही लगेच दिसू लागली. अमेरिकेत रॉबर्ट हंटर मिडल्टन याने लडलो कंपनीसाठी १९२९ मध्ये ‘स्टेलर’ आणि १९३८ मध्ये ‘रेडियंट’ ही जाडबारीक सेरिफविरहित अक्षरे आखली. फ्रान्समध्ये भित्तिपत्रकांबद्दल ख्यातनाम असलेल्या कासाँद्र याने १९३७ मध्ये ‘पेन्यो’ तयार केले. त्यात लहान लिपीच्या जागी बव्हंशी मोठ्या लिपीचीच छोटी रूपे वापरली होती. वाचकाच्या सवयीला दिलेले हे आव्हान फारसे टिकले नाही. शीर्षकापुरते ते शोभले, मजकुरात मात्र थकवा आणणारे ठरले.

या वर्गातील सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे हेरमान झाप्फ (१९१८–२०१५) या जर्मन अक्षरकाराचे ‘ऑप्टिमा’ होय. १९५० मध्ये इटलीच्या प्रवासात असताना फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधील फरसबंदीतल्या समाधिशिलांवरील अक्षरे त्याने पाहिली. ती सेरिफविरहित असूनही त्यांचे दंड टोकांकडे किंचित रुंदावत होते. जवळ कागद नसल्याने त्याने हजार लिराच्या चलनी नोटांवर त्यांची रेखाटने केली. या बीजातून पुढील काही वर्षांत अक्षरांचा पूर्ण संच आकारास आला. आउगुस्ट रोझेनबेर्गर या कुशल कारागिराने ठसे कोरले आणि फ्रांकफुर्ट येथील श्टेम्पेल ओतशाळेने १९५८ मध्ये तो प्रसृत केला. झाप्फला ‘नवी आन्टीक्वा’ असे अर्थवाही नाव हवे होते. ‘ऑप्टिमा’ हे विक्रेत्यांनी दिलेले नाव त्याला पसंत नव्हते. प्रथम केवळ शीर्षकांसाठी योजलेले हे अक्षर न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील मन्रो व्हीलर यांच्या सल्ल्यानंतर पुस्तकी मजकुरालाही चालेल असे करण्यात आले.

ऑप्टिमाचे मर्म त्याच्या उभ्या दंडात आहे. हा दंड मध्ये किंचित कृश व दोन्ही टोकांना किंचित रुंद असतो. हा फरक इतका अल्प असतो, की वाचकाला तो वेगळा दिसत नाही. परंतु त्यामुळे टोकाला सेरिफ नसतानाही रेषा तेथे संपल्याची जाणीव होते आणि ओळ बांधलेली राहते. आदल्याच वर्षी, १९५७ मध्ये, ‘हेल्व्हेटिका’ व ‘युनिव्हर्स’ ही एकजाड अक्षरे बाजारात आली होती आणि पुढील वीस वर्षे व्यापारी जगावर त्यांचेच राज्य राहिले. ऑप्टिमाला त्यांचे सार्वत्रिकत्व लाभले नाही. मात्र जेथे माणसाच्या नावाला आदर द्यावयाचा असे, तेथे त्याचीच निवड होत राहिली. वॉशिंग्टन येथील व्हिएटनाम युद्धस्मारकाच्या (१९८२) काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर ५८ हजारांहून अधिक मृत व बेपत्ता सैनिकांची नावे याच अक्षरात कोरलेली आहेत. तो दगड बंगळुरूच्या बाजूने भारतातून गेलेला आहे. समाधिशिलेतून जन्मलेले अक्षर अशा रीतीने पुन्हा शिलेवर गेले. त्या स्मारकाचा परिणाम बऱ्याच अंशी या अक्षराच्या अबोल स्वभावावर उभा आहे. एकजाड अक्षरात ती भिंत एखाद्या कार्यालयीन यादीसारखी भासली असती.

ऑप्टिमावर घेता येणारे आक्षेपही गंभीर आहेत. त्याचे तिरपे रूप दीर्घकाळ केवळ सरळ अक्षर कलते करून साधलेले होते. खरे तिरपे वळण त्याला २००२ मध्ये, झाप्फ व आकिरा कोबायाशी यांनी केलेल्या ‘ऑप्टिमा नोव्हा’ या सुधारित संचात मिळाले. दुसरा आक्षेप तंत्राशी निगडित आहे. दंडाची ती सूक्ष्म अंतर्वक्रता धातूच्या खिळ्यात टिकली, पण छायाचित्रीय अक्षरजुळणीत व विशेषतः आरंभीच्या संगणकीय मुद्रणात ठिपक्यांची संख्या कमी असल्याने ती एक तर सपाट झाली किंवा पायऱ्यापायऱ्यांची दिसू लागली. ज्या गुणावर अक्षराचे सौंदर्य अवलंबून, तोच गुण साधन बदलताच दोष ठरतो, हे या वर्गाचे दुखणे पुढे देवनागरीतही दिसते.

देवनागरीतील प्रश्न : रोमन अक्षरांसाठी बनलेली ‘सेरिफयुक्त’ व ‘सेरिफविरहित’ ही विभागणी देवनागरीला सरळ लावता येत नाही. देवनागरी खिळ्यांना रोमनसारखे सेरिफ कधीच नव्हते. म्हणून सर्वच देवनागरी मुद्राक्षरे सेरिफविरहित होत, असे कोणी म्हणेल. पण पुरालिपिशास्त्राचा दाखला याच्या उलट आहे. पिंपरी-चिंचवडहून जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने लोणावळ्याकडे जाताना लागणाऱ्या भाजे व कार्ले येथील लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत. अशोककालीन ब्राह्मीची अक्षरे एकजाड व उघड्या डोक्याची होती. कार्ल्याच्या क्षहरात-सातवाहन काळातील लेखांपर्यंत येताना दंडांच्या माथ्यावर लेखणी टेकल्याची खूण ठळक होऊ लागते. हीच शीर्षखूण पुढील शतकांत रुंदावत गेली, शेजारच्या अक्षरांच्या खुणांना मिळाली आणि तिची शिरोरेषा झाली. म्हणजे उत्पत्तीच्या दृष्टीने शिरोरेषा हाच देवनागरीचा सेरिफ होय. तो काढून टाकावयाचा तर लिपीचे रूपच पालटते. गुजरातीने ते केले, मराठीने केले नाही. यास्तव देवनागरीत या वर्गाची खरी कसोटी टोके कशी आहेत ही नसून शिरोरेषा, दंड आणि वळणे यांच्या जाडीचे परस्पर प्रमाण कसे आहे, ही आहे.

दुसरा मूलभूत भेद लेखणीचा आहे. पाश्चात्त्य रुंद टोकाच्या लेखणीने वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी तिरपी रेषा जाड व तिच्या उलट दिशेची रेषा बारीक येते. रोमन ‘ए’ या अक्षराचा उजवा पाय जाड व डावा बारीक असतो, तो यामुळेच. देवनागरीचा बोरू उलट बाजूने तिरका कापतात. परिणामी तिरप्या रेषांतील जाडी-बारकीचा कल रोमनच्या नेमका उलट होतो, तर शिरोरेषा आणि दंड या दोन्ही रेषा भरदार राहतात. पोथ्यांच्या बाळबोध हस्ताक्षरात हे स्पष्ट दिसते. निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी व त्यांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू यांनी एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलेल्या खिळ्यांचा नावलौकिक हे वळण धातूत उतरविल्यामुळेच झाला. निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये मुंबईत सुरू झाला. संस्कृत ग्रंथांच्या मुद्रणात त्याच्या खिळ्यांचा आदर्श पुढे अनेक दशके मानला गेला. त्या खिळ्यांत जाडबारीकपणा पुरेपूर आहे. तो अलंकार म्हणून आलेला नाही, लिहिणाऱ्या हाताच्या गतीतून आलेला आहे.

एकजाड देवनागरी त्यामानाने अलीकडची. जाहिरातींचे अक्षरांकन, रंगाऱ्यांच्या पाट्या आणि रोमन एकजाड अक्षरांशी जोडी जुळविण्याची व्यापारी निकड यांतून ती विसाव्या शतकात रूढ झाली. बापूराव नाईक यांच्या महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देवनागरी मुद्राक्षरविषयक त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथात खिळ्यांचा इतिहास व रचना यांची साधार नोंद आहे. ल. श्री. वाकणकर, मुकुंद गोखले व र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी अक्षराचा विचार हस्तलेखन, व्याकरण आणि यंत्र या तिन्ही अंगांनी केला. जोशी यांचे ‘मंगल’ हे संगणकाच्या पडद्यासाठी केलेले अक्षर पुढे देशभर परिचित झाले. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने भारतीय लिप्यांच्या संगणकीय अक्षरसंचांचे मोठे काम केले. तरीही ऑप्टिमाच्या जातीचे, म्हणजे सेरिफविरहित रोमनशी समभाव राखणारे आणि तरीही बोरूचे वळण न सोडणारे देवनागरी अक्षर बरीच वर्षे उपेक्षित राहिले. मुंबईतील ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटाने खुल्या परवान्याखाली उपलब्ध केलेले ‘गोटू’ हे देवनागरी व रोमन अशा जोडसंचाचे अक्षर या दिशेचा लक्षणीय प्रयत्न होय. त्याच गटाचे ‘मुक्ता’ हे जवळजवळ एकजाड अक्षर सात वजनांत मिळते, गोटू मात्र एकाच वजनात. हा फरक आकस्मिक नाही. एकजाड अक्षर जाड वा बारीक करताना त्याचा स्वभाव फारसा बदलत नाही. जाडबारीक अक्षराचे प्रत्येक वजन मात्र जवळजवळ नव्याने आखावे लागते, कारण जाड रेषा दुप्पट केली म्हणून बारीक रेषा दुप्पट करून चालत नाही. मराठीत अक्षरकाराच्या श्रमाला मिळणारा मोबदला पाहता अशी कामे थोडी होतात, यात नवल नाही.

भेदक रेषा : देवनागरीत या वर्गाची खरी परीक्षा अक्षरांच्या जोड्यांत होते. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, ब आणि व, ष आणि प या जोड्यांत दोन अक्षरांचा सांगाडा जवळजवळ एकच असून वेगळेपण एखाद्या छोट्या रेषेवर, गाठीवर किंवा शिरोरेषेतील खंडावर अवलंबून असते. या रेषेला भेदक रेषा म्हणता येईल. आखणी करणारा सौंदर्याच्या ओघात बहुधा हीच रेषा सर्वांत बारीक करतो, कारण ती अक्षराच्या पोटात असते आणि तेथे जागा कमी असते. पोटातील रेषा जाड केली तर अक्षर काळवंडते, बारीक केली तर दुरून नाहीशी होते. भोसरीचा ‘भ’ आणि मोशीचा ‘म’ यांतील फरक माथ्यावरच्या एका वळशाचा व शिरोरेषेतील खंडाचा आहे. ही दोन्ही गावे पुणे-नाशिक रस्त्यावर एकापाठोपाठ येतात. थेरगावातील ‘थ’चा वळसा बुजला तर ‘येरगाव’ वाचले जाते. वाकडच्या ‘व’ला छपाईचा डाग पडला तर ‘बाकड’ होते. पिंपरी व चिंचवड या दोन्ही नावांत अनुस्वाराचा ठिपका आहे. नाजूक अक्षरांत तो बारीक रेषेच्या मापाने आखला जातो आणि वेलांटीच्या वळणात दडतो. वास्तविक तो जाड रेषेच्या मापाने घेतला पाहिजे. आकुर्डीतील रफाराचीही तीच गत होते, कारण रफार व दीर्घ वेलांटी यांना एकाच माथ्यावर जागा वाटून घ्यावी लागते. या परिसरातील गावांची नावे एवढी उपयुक्त कसोटी पुरवितात, की देवनागरी मुद्राक्षराच्या नमुनापत्रात ती जशीच्या तशी छापावीत.

दुरून वाचण्याचे गणितही येथे पाहणे इष्ट ठरेल. निरोगी डोळ्याला दोन खुणा वेगळ्या ओळखण्यासाठी साधारणपणे एक कलेचा (अंशाचा साठावा भाग) कोन लागतो. १०० मी. अंतरावर एक कला म्हणजे सु. २९ मिमी. होय. समजा, फलकावरील अक्षराची जाड रेषा २८ मिमी. आणि बारीक रेषा ७ मिमी. आहे. जाड रेषा १०० मी. वरून कशीबशी ओळखू येईल. बारीक रेषेची तीच स्थिती येण्यास वाचकाने २५ मी. पर्यंत जवळ यावे लागेल. ताशी ६० किमी. वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सु. १७ मी. अंतर काटते. म्हणजे अक्षराचा सांगाडा दिसू लागल्यावर भेदक रेषा दिसण्यास साडेचार सेकंद जातात आणि नंतर फलक मागे पडण्यास अवघा दीड सेकंद उरतो. पायी चालणाऱ्याला किंवा काउंटरपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हीच अक्षरे सुखद वाटतात. अक्षर वाईट नसते, अंतर चुकलेले असते.

औद्योगिक पट्ट्यातील उपयोग : पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (१९६२) वसाहती, वाहनउद्योग व त्याला पूरक कारखाने यांमुळे हा पट्टा वाढत गेला. १९७० मध्ये येथे नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे चाकणच्या बाजूने वाहनांचे मोठे कारखाने आले. या वाढीचा अक्षरांवरील परिणाम दुहेरी आहे. कारखान्याच्या आत धोक्याच्या सूचना, यंत्रांवरील पट्ट्या, मालाच्या खोक्यांवरील ठसे अशी निव्वळ कामाची अक्षरे लागतात. कारखान्याबाहेर विक्रीची दालने, रुग्णालये, निवासी संकुले यांची प्रतिष्ठेची अक्षरे दिसतात.

पहिल्या प्रकारात जाडबारीक अक्षरांना स्थान नाही, असे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. कारखान्यातील सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची तरतूद १९४८ च्या कारखाना अधिनियमात होती; भाषा कोणती हे त्यात सांगितले होते, अक्षर कसे असावे हे नाही. तेलकट धूर, कंप, अपुरा प्रकाश, पत्र्यावर साच्यातून मारलेला रंग या परिस्थितीत बारीक रेषा प्रथम नाहीशी होते. ‘धोका’ या शब्दातील ‘ध’ची उघडी शिरोरेषा रंगाने भरली तर ‘घोका’ उरते. जुने पेंटर ही अक्षरे चपट्या कुंचल्याने, पण बारीक बाजू फार न वापरता लिहीत. रेल्वेच्या पिवळ्या फलकांवरील काळी, जाड, निगरगट्ट अक्षरे सुंदर नसतील. पण कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड ही नावे धावत्या गाडीतून वाचता येतात, आणि फलकाचे काम तेवढेच असते. ६ मार्च २०२२ रोजी या शहरात सुरू झालेल्या मेट्रोसारख्या सेवांच्या मार्गदर्शक फलकांनाही हाच नियम लागू पडतो.

दुसऱ्या प्रकारात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या सुधारणेने सर्व दुकानांचे व आस्थापनांचे नामफलक देवनागरी लिपीतील मराठीत असणे, मराठी नाव आरंभी असणे आणि त्याचा आकार अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसणे बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. यानंतर पिंपरी, चिंचवड, वाकड, भोसरी, चाकण येथील बाजारपेठांत देवनागरी फलकांचे प्रमाण एकदम वाढले. परंतु रोमन नामचिन्ह आधीच ठरलेले असल्याने देवनागरीला त्याच्या मागोमाग जावे लागले. रोमन नाव नाजूक जाडबारीक अक्षरांत आणि खाली देवनागरी नाव संगणकात सहज सापडलेल्या कोणत्याही एकजाड अक्षरांत, ही विजोड जोडी सर्वत्र आढळते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे रोमन अक्षरांचे तुकडे कापून देवनागरी अक्षरे बनविणे. त्यात जाडीचा कल रोमनचा राहतो. अक्षरे वाचता येतात, पण ती आरशात लिहिल्यासारखी परकी वाटतात. सामान्य वाचकाला कारण सांगता येत नसले, तरी खटकते.

कायद्यातील आकाराची अटही अक्षरशास्त्राच्या दृष्टीने अपुरी आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय यांना जागा द्यावी लागते. एकूण उंची रोमनच्या बरोबरीची ठेवली, तर मूळ अक्षराचा देह रोमन मोठ्या लिपीच्या मानाने बराच लहान होतो. त्यातच अक्षर जाडबारीक असेल, तर पट्टीने मोजलेली समानता डोळ्याला मुळीच जाणवत नाही. उंची शिरोरेषेपासून दंडाच्या पायापर्यंत मोजावी, असे ठरविल्यास या तरतुदीचा हेतू खऱ्या अर्थाने साध्य होईल.

फलक बनविण्याच्या तंत्राने आणखी अडचण निर्माण केली आहे. हाताने रंगविलेल्या पाट्यांची जागा चिकटपट्टीच्या कापीव अक्षरांनी आणि आतून प्रकाशित होणाऱ्या पेटीवजा अक्षरांनी घेतली. पेटीवजा अक्षरात दिवे बसण्याइतकी रुंदी बारीक रेषेला नसते. मग कारागीर संगणकावर सबंध अक्षराभोवती सारख्या जाडीची कड वाढवितो. सर्व बाजूंनी सारखीच भर पडल्याने बारीक रेषा प्रमाणाबाहेर फुगते, जाड रेषा बोजड होते, गाठी मिटतात आणि ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘ज्ञ’ यांची पोटे बंद होतात. मूळ अक्षराची नजाकत जाते आणि एकजाड अक्षराचा स्पष्टपणाही हाती लागत नाही. रात्री उजेड रेषेबाहेर पसरत असल्यामुळे पांढऱ्या प्रकाशातील अक्षर आणखी जाड भासते. अशा कामासाठी अक्षरकारानेच कमी भेदाचे वेगळे रूप आखून देणे आवश्यक असते. धातूच्या काळात लहान व मोठ्या मापाचे खिळे वेगवेगळे कोरले जात. तो विवेक संगणकाच्या एकाच साच्याने लोपला.

उद्योगांनी हा प्रश्न कसा सोडवावा याचे एक चांगले उदाहरण जर्मनीतील आहे. कुर्ट वाइडेमान याने १९८५ ते १९९० या काळात डाइमलर-बेन्झ कंपनीसाठी एकाच सांगाड्यावर तीन अक्षरसंच आखले. एक सेरिफयुक्त व जाडबारीक, दुसरा सेरिफविरहित, तिसरा चौकोनी सेरिफांचा. प्रतिष्ठेचे काम पहिल्याकडे आणि रोजचे काम इतरांकडे, अशी कामांची वाटणी त्यामुळे शक्य झाली. याच उद्योगाची भारतीय शाखा १९९४ पासून पुणे परिसरात आहे. आरंभी ती पिंपरीच्या टेल्को आवारातून काम करीत असे, नंतर २००९ मध्ये तिने चाकणला स्वतःचा कारखाना केला. अशा प्रकारचे एकाच कुळातील देवनागरी संच येथील मराठी उद्योजकांनीही करवून घेण्यासारखे आहेत. एका मोटारीच्या दाराचा साचा करण्यास जो खर्च येतो, त्याच्या अल्पांशात ते होईल.

मराठीपुरती आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाहून निराळे आहेत आणि महाराष्ट्र शासनाने वर्णमालेविषयीच्या २००९ च्या निर्णयात ती रूपे प्रमाण मानली आहेत. अनेक संगणकीय संचांत हिंदी रूपे आपोआप येतात. मराठी रूपे असलीच तर भाषा ‘मराठी’ अशी निवडल्यावरच प्रकट होतात. एकजाड अक्षरात हा फरक किरकोळ वाटतो. जाडबारीक अक्षरात मात्र ‘ल’च्या दोन पाकळ्यांमुळे शब्दाचा तोलच ठरतो, कारण त्या अक्षरात सर्वाधिक जाडी आणि सर्वाधिक बारकी शेजारीशेजारी येतात. आळंदीच्या ‘ळ’लाही हे लागू आहे. रोमनमध्ये ‘एस’ हे अक्षर आखणाऱ्याची जशी परीक्षा घेते, तशी मराठीत ‘ळ’ घेतो, असे म्हणता येईल.

जेथे हा वर्ग देवनागरीतही निर्विवाद शोभतो, अशी क्षेत्रे पुष्कळ आहेत. कोनशिला व स्मृतिफलक हे त्यांपैकी प्रमुख होत. संगमरवरात किंवा पितळेत कोरताना बारीक रेषेला खोलीची मदत मिळते, वाचक समोर उभा असतो आणि मजकूर थोडा असतो. कवितासंग्रहांची मुखपृष्ठे, नाट्यगृहांच्या कार्यक्रमपत्रिका, दिवाळी अंकांतील शीर्षके, सनई-चौघड्याच्या चित्राऐवजी केवळ अक्षरांवर भिस्त ठेवणाऱ्या लग्नपत्रिका यांतही ही अक्षरे उत्तम काम देतात. औषधांच्या वेष्टनावर नावापुरती ती चालतील; मात्रा, मुदत आणि इशारा यांसाठी नव्हे, कारण तेथे चुकीच्या वाचनाची किंमत रुग्ण देतो. पुस्तकाच्या सलग मजकुरासाठी त्यांचा प्रयोग मराठीत फारसा झालेला नाही. १२ पॉइंटांच्या खाली बारीक रेषा हलक्या कागदावर तुटते आणि जाड रेषा शाई पिते, हे त्याचे एक कारण. निर्णयसागरच्या वळणाचा जाडबारीकपणा तेथे टिकला, कारण त्याची बारीक रेषा फार बारीक नव्हती.

आकड्यांच्या बाबतीत मात्र या वर्गाने विशेष सावधगिरी बाळगली पाहिजे. देवनागरी अंकांत ‘१’ व ‘९’ यांची डोकी आणि ‘५’ व ‘४’ यांचे खालचे वळसे लहान मापात जवळ येतात. घरक्रमांक, दरपत्रक किंवा बसचा मार्गक्रमांक यांत एका आकड्याची चूक सबंध माहिती निरुपयोगी करते. २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड यांच्या परिवहन सेवा एकत्र होऊन एकच परिवहन महामंडळ झाले. त्याच्या बसगाड्यांच्या माथ्यावर आता ठिपक्यांच्या प्रकाशपाट्या असतात. एका रेषेला एक किंवा दोन ठिपके एवढीच जागा असलेल्या त्या पाट्यांवर जाडबारीक भेद मुळातच शक्य नाही, आणि ‘चाकण’ हा शब्द तेथे ‘ण’च्या दोन दंडांवरून ओळखला जातो.